लगाम एक, नियमपुस्तके अनेक
घोड्यांच्या स्पर्धांतील संस्थांचे भांडण आणि आमचा कारागीर

चामडे चांगले, शिलाई पक्की, भाव वाजवी, माल वेळेवर पोहोचलेला. तरीही परदेशातील दुकानदार कळवितो की हा माल विकता येणार नाही. घोड्याचे सामान बनविणाऱ्या कारागिरावर ही वेळ केव्हाही येऊ शकते. खोट त्याच्या हातात नसते. ज्या स्पर्धेत ते सामान वापरायचे आहे, तिच्या नियमपुस्तकात ते बसत नाही, एवढेच कारण असते. शिवाय असे नियमपुस्तक एक नसून अनेक आहेत, आणि ती लिहिणाऱ्या संस्थांचे आपसांत पटतेच असे नाही.

आमच्या वाचकांत चामड्याच्या धंद्यातील मंडळी पुष्कळ आहेत. नालबंद हे आडनाव आजही महाराष्ट्रात गावोगावी आढळते. खोगीर, लगाम, तंग, रिकीब, जेरबंद हे शब्द आपल्या भाषेत घरचेच झाले आहेत. या सामानाचे देशातील मोठे केंद्र कानपूर. एकोणिसाव्या शतकात लष्करासाठी तेथे खोगिराचा सरकारी कारखाना निघाला, जाजमऊच्या कातडी कमावण्याच्या धंद्याने त्याला चामडे पुरविले, आणि पुढे खासगी कारखान्यांतून हा माल युरोप-अमेरिकेला जाऊ लागला. कानपूरच्या खोगिराला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. या धंद्यात मुस्लिम कारागीर आणि कारखानदार मोठ्या संख्येने आहेत. म्हणून या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आधी एक खुलासा. येथे शर्यतीच्या मैदानावरील पैजांचा विषय नाही. तो जुगार आहे आणि त्याविषयी आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. हा विषय घोडेस्वारीच्या स्पर्धांचा आहे. अडथळ्यांवरून उड्या, ड्रेसाज म्हणजे घोड्याची शिस्तबद्ध चाल, तीन प्रकारांची मिळून होणारी इव्हेंटिंग, आणि निरनिराळ्या जातींच्या घोड्यांची प्रदर्शने यांत येतात.

मान्यता कोणाची?

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हे तिन्ही प्रकार खेळले गेले. तेव्हा देशोदेशींचे नियम वेगवेगळे होते. त्यांत मेळ घालण्यासाठी १९२१ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ स्थापन झाला. एफ.ई.आय. या नावाने तो ओळखला जातो आणि त्याचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. प्रत्येक देशातील एकाच राष्ट्रीय संस्थेला तो मान्यता देतो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात एका देशातच दोन दावेदार उभे राहतात. अमेरिकेत १९१७ पासून घोड्यांच्या प्रदर्शनांची एक संघटना होती. ती स्पर्धांना परवाने देई, पंच नेमी, नियम करी. १९५० साली ऑलिंपिकसाठी संघ तयार करणारी दुसरी संस्था निघाली. अनेक वर्षे दोघींनी कामाची वाटणी करून घेतली. २००१ च्या सुमारास मात्र राष्ट्रीय संस्था कोण, यावरून उघड भांडण जुंपले. अमेरिकन कायद्याप्रमाणे एका ऑलिंपिक खेळाला एकच राष्ट्रीय संस्था असते. अखेर २००३ मध्ये दोन्ही संस्था एकत्र येऊन आजची अमेरिकन अश्वक्रीडा संघटना झाली.

मान्यतेसाठी एवढा आटापिटा कशासाठी? उत्तर व्यापाराचे आहे. मान्यताप्राप्त स्पर्धेत गुण मिळतात, त्या गुणांवर निवड होते, निवडीमुळे घोड्याची किंमत वाढते. परवाना देण्याचा हक्क ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाजार. अमेरिकेतील या संघटनेचा अंतराचा नियम यासाठी प्रसिद्ध आहे. एका स्पर्धेपासून ठराविक मैलांच्या आत त्याच तारखांना त्याच दर्जाच्या दुसऱ्या स्पर्धेला परवाना मिळत नसे. फ्लोरिडातील स्पर्धा भरविणाऱ्यांनी ही मक्तेदारी आहे म्हणून दावा लावला. २००६ मध्ये अपील न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने एका संस्थेच्या हाती खेळाचा कारभार सोपविला असल्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा येथे लागू करता येत नाही, असा त्याचा आशय होता.

युरोपात उलटे घडले. मान्यता नसलेल्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या स्वाराला आणि घोड्याला सहा महिने आपल्या स्पर्धांत येऊ द्यायचे नाही, असे कलम जागतिक महासंघाने केले होते. ग्लोबल चॅम्पियन्स लीग या नव्या सांघिक स्पर्धेने त्याविरुद्ध तक्रार केली. जुलै २०१५ मध्ये बेल्जियमच्या स्पर्धा प्राधिकरणाने ते कलम त्या स्पर्धेपुरते स्थगित केले. महासंघ न्यायालयात गेला, पण तेथेही त्याची बाजू टिकली नाही. जानेवारी २०१७ मध्ये दोघांत समझोता झाला.

चामड्यावर पडणारी रेघ

ही मोठ्यांची भांडणे झाली. आमच्या कारागिराचा त्यांच्याशी संबंध येतो तो सामानाच्या बारीक मापात.

जेरबंदाचेच पाहा. घोड्याने मान वर फेकू नये म्हणून छातीपाशी बांधायचा हा पट्टा. एका प्रकारात पट्ट्याचे टोक थेट नाकपट्टीला अडकविलेले असते. दुसऱ्यात पट्ट्याची दोन टोके कड्यांत संपतात आणि त्या कड्यांतून लगाम मोकळा सरकतो. अमेरिकेतील हंटर प्रकारच्या उडी-स्पर्धांत पहिला प्रकार चालतो. जागतिक महासंघाच्या उडी-स्पर्धांत तो चालत नाही, तेथे फक्त दुसरा, मोकळा सरकणारा. चामडे तेच, कारागीर तोच, घोडाही कदाचित तोच. पण एका मैदानावर योग्य असलेला पट्टा दुसऱ्यावर बाद.

पायाच्या पट्ट्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. हंटर स्पर्धांत घोड्याच्या पायांना संरक्षक पट्टे बांधण्यास मनाई आहे. उंच उड्यांच्या स्पर्धांत ते सर्रास बांधतात. काही प्रशिक्षक मात्र मागच्या पायांचे पट्टे मुद्दाम आवळून बांधत. त्यामुळे घोडा चमकून पाय जास्त वर उचलतो. ही लबाडी आणि क्रूरता थांबविण्यासाठी महासंघाने २०१९ पासून टप्प्याटप्प्याने नियम कडक केला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो सर्व आंतरराष्ट्रीय उडी-स्पर्धांना लागू झाला. मागच्या पट्ट्याची आतील लांबी जास्तीत जास्त १६ सेंटिमीटर, आतील बाजू गुळगुळीत, बंद ताण न घेणाऱ्या चिकटपट्टीचे. आकडे आणि बकले नाहीत. पितळी बकलाचा सुबक पट्टा बनविणाऱ्याचा माल त्या तारखेपासून त्या बाजारात निरुपयोगी ठरला.

आणखी काही बाबी थोडक्यात. ड्रेसाजच्या वरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन कडियाळांचा दुहेरी लगाम वर्षानुवर्षे सक्तीचा मानला गेला, तर अनेक देशांच्या राष्ट्रीय स्पर्धांत एकेरी कडियाळाला परवानगी असते. नाकपट्टी फार आवळू नये म्हणून पूर्वी दोन बोटांचा अंदाज घेत. २०२५ मध्ये महासंघाने त्यासाठी मोजमापाचे ठराविक साधन आणले. खोगिराखालच्या कापडावर पुरस्कर्त्याचे नाव टाकायचे तर प्रत्येक बाजूला २०० चौरस सेंटिमीटरची मर्यादा आहे. स्वाराच्या शिरस्त्राणाला अमेरिकेत एक प्रमाणचिन्ह लागते, युरोपात दुसरे. ब्रिटनमधील संघटनांनी जुने युरोपीय प्रमाणचिन्ह २०१६ पासून स्वीकारणे बंद केले, तेव्हा फक्त तेच चिन्ह असलेल्या टोप्या स्पर्धेच्या दृष्टीने टाकाऊ झाल्या.

कधी कधी संपूर्ण खेळच एका छत्राखालून निघून जातो. रेनिंग हा अमेरिकन गुराख्यांच्या पद्धतीचा प्रकार, त्याचे खोगीर वेगळे, लगाम वेगळा. २००० साली जागतिक महासंघाने त्याला आपल्यात घेतले. पण अमेरिकेतील संघटनांच्या मोठ्या स्पर्धा तीन वर्षांच्या घोड्यांच्या असतात आणि महासंघाला घोडा याहून बराच मोठा हवा असतो. औषधांच्या नियमांतही फरक होता. शेवटी २०२१ मध्ये महासंघाने रेनिंग आपल्या यादीतून काढून टाकले. खेळ चालू राहिला, मालाला मागणीही राहिली. फक्त विचारायचा दरवाजा बदलला.

सोयीचा तपासनीस

अनेक संस्था असल्या की कोणाचेच चालत नाही, असाही अनुभव आहे. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्याची उंच पाय उचलण्याची चाल प्रसिद्ध आहे. ती मिळविण्यासाठी काही लोक घोड्याच्या पायाला मुद्दाम जखमा करतात, नालाखाली जाड थर ठोकतात, घोट्यावर साखळ्या बांधतात. १९७० साली याविरुद्ध कायदा झाला. पण प्रदर्शनातील तपासणीचे काम पुढे या धंद्यातील निरनिराळ्या संघटनांकडे गेले. एक कडक वागे, दुसरी ढिलाई दाखवी, आणि प्रदर्शन भरविणारा आपल्याला सोयीची निवडी. २००६ मध्ये शेल्बीव्हिल येथे सरकारी तपासनीसांनी इतके घोडे अपात्र ठरविले की सर्वांत मोठा किताब त्या वर्षी कोणालाच देता आला नाही. २०२४ मध्ये सरकारने या संघटनांकडील तपासणी काढून घेणारा आणि साखळ्या व थर बंद करणारा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने त्याचा मोठा भाग रद्दबातल ठरविला. वाद अजून संपलेला नाही.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगू. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मुक्या जनावरांवर जुलूम करण्यास मनाई केली आहे. एखाद्या संस्थेच्या पुस्तकात बंदी नाही म्हणून घोड्याला वेदना देणारे कडियाळ किंवा साखळी बनवून देणे आपल्याला शोभत नाही. अशी ऑर्डर परत केली तर त्यात बरकतच आहे.

आपल्याकडे काय?

भारतात १९६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय अश्वक्रीडा संघटना जागतिक महासंघाशी संलग्न आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झा यांनी रौप्यपदक मिळविले, आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. या स्वारांच्या सामानाला जागतिक नियम लागू. पण दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, तेथील जग निराळे. तेथे मारवाडी आणि काठेवाडी घोड्याचा रुबाब, कानांची ठेवण, रंग आणि चाल पाहतात. गोंड्यांचा, आरशांचा, रंगीत लोकरीचा साज खपतो. तेथे पट्ट्याची लांबी सेंटिमीटरमध्ये कोणी मोजत नाही. तोच साज आंतरराष्ट्रीय मैदानावर उपयोगाचा नाही, आणि तेथील साधा काळा लगाम सारंगखेड्याच्या गिऱ्हाइकाला फिका वाटेल. दोन्ही बाजार खरे आहेत. मात्र आपण कोणत्या बाजारासाठी बसलो आहोत, हे हातात आरी घेण्यापूर्वी ठरले पाहिजे.

नुकसान कोणाच्या पदरी?

समजा, २०० जेरबंदांची ऑर्डर आली. नमुना पाहून माल तयार झाला. तेथे पोहोचल्यावर कळले की गिऱ्हाइकांना सरकत्या कड्यांचा प्रकार हवा होता. परदेशी दुकानदार निर्यातदाराचे पैसे रोखतो, निर्यातदार कारखानदाराचे, कारखानदार ठेकेदाराचे. सर्वांत शेवटी मजुरी अडते ती नगावर शिलाई करणाऱ्याची. नियमपुस्तक त्याने कधी पाहिलेले नसते, आणि जबाबदारीही त्याने कधी कबूल केलेली नसते. हा अन्याय टाळणे आपल्या हाती आहे.

आमच्या सूचना चार आहेत.

१) ऑर्डर घेताना ‘घोड्याचे सामान’ एवढ्यावर थांबू नये. कोणता खेळ, कोणत्या संस्थेच्या मान्यतेखाली आणि कोणत्या वर्षाच्या नियमपुस्तकाप्रमाणे, हे तिन्ही विचारावे.

२) जागतिक महासंघाची आणि अमेरिकन संघटनेची नियमपुस्तके इंटरनेटवर पाहता येतात. घरातील शिकलेल्या मुलाला अथवा मुलीला दरवर्षी जानेवारीत सामानाचे प्रकरण वाचायला बसवावे. बदल बहुधा वर्षारंभी लागू होतात.

३) एकाच नमुन्याचा मोठा साठा करू नये. नियम बदलला की पहिला फटका गोदामाला बसतो.

४) माल नियमात बसतो की नाही ही जबाबदारी कोणाची, ते करारात लिहावे, आणि कारागिराच्या मजुरीचा त्याशी संबंध नाही हेही लिहावे.

शेवटची सूचना आमची स्वतःची नव्हे. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकरा २८२, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार करण्याविषयी आहे. ती आपण मशिदीत ऐकतो आणि दुकानात विसरतो. संस्थांची भांडणे मिटविणे आपल्या हाती नाही. उद्या आणखी एखादी संस्था निघेल, आणखी एक पुस्तक छापील. पण कोणत्या पुस्तकाप्रमाणे चामडे कापायचे, हे कापण्यापूर्वी लिहून घेणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.