चोवीस टक्क्यांची कैफियत

लंडनच्या संसदभवनात उत्तर आयर्लंडविषयक निवड समितीची बैठक बहुधा बुधवारी सकाळी भरते, आणि साक्षींचे कामकाज उघडपणे चालत असल्यामुळे ते ऐकावयास जाण्यास कोणालाही मज्जाव नाही. प्रवेशद्वाराशी झडती देऊन आत गेले, की दालनाच्या मागच्या अंगाला मांडलेल्या खुर्च्यांपैकी एखादी सहज रिकामी सापडते. घोड्याच्या नालाच्या आकाराचे मेज, त्याभोवती सभासद, नालाच्या उघड्या तोंडाशी साक्षीदारांचे आडवे मेज, आणि साक्षीदारांच्या पाठीमागे प्रेक्षक, अशी तेथील मांडणी असल्यामुळे विचारणाऱ्याची मुद्रा आपल्याला पूर्ण दिसते, उत्तर देणाऱ्याची मात्र केवळ पाठच दिसते. ही मांडणी प्रथम गैरसोयीची वाटते. परंतु थोड्या वेळाने ध्यानात येते, की उत्तर समाधानकारक झाले की नाही हे जाणण्यास अध्यक्षांच्या कपाळावरची आठी पुरेशी असते.

काम वरवर पाहता संथ आणि रूक्ष. प्रत्येक सभासदापुढे समितीच्या कार्यालयाने तयार केलेले टिपण असते, कोणी कोणता विषय काढावयाचा याची वाटणी आधीच झालेली असते, आणि चौकशीतील पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत सर्व प्रश्नांना सलग क्रमांक देऊन जबानी शब्दशः नोंदली जाते. साक्षीदार एखादा आकडा सांगतो; तो आकडा रोख रकमेचा की महागाई वजा करून काढलेला, हे विचारले जाते; मग तो माणूस हातातील कागद चाळतो, एक पान मागे जातो, आणि उत्तर देतो. या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत पुष्कळ काही घडत असते, कारण रोख हिशेबाने वाढलेली तरतूद महागाईच्या हिशेबाने घटलेली असू शकते, आणि ही घट प्रथम अंदाजपत्रकात नव्हे, तर एखाद्या शाळेच्या न दुरुस्त झालेल्या छपरात किंवा रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीत दिसू लागते.

2023 साली या समितीपुढे उत्तर आयर्लंडमधील सार्वजनिक सेवांचा निधी आणि त्यांची अंमलबजावणी हा विषय होता, आणि तो ज्या परिस्थितीत उभा राहिला ती सांगितल्यावाचून त्याचे गांभीर्य समजणार नाही. 1998 च्या बेलफास्ट करारानुसार त्या प्रांताला स्वतःची विधानसभा आणि दोन समाजांनी मिळून चालवावयाचे मंत्रिमंडळ मिळाले. आरोग्य, शिक्षण, रस्ते ही खाती बेलफास्टमधील स्टॉरमाँट येथील त्या सरकारकडे आली. परंतु 3 फेब्रुवारी 2022 रोजी, ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारव्यवस्थेचा निषेध म्हणून डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या प्रथममंत्र्यांनी राजीनामा दिला, आणि दोन्ही समाजांचे प्रतिनिधी असल्याखेरीज मंत्रिमंडळच उभे राहू नये, हीच त्या व्यवस्थेची रचना असल्यामुळे कारभार खुंटला. काळजीवाहू मंत्री 28 ऑक्टोबर 2022 पर्यंत होते. त्यानंतर खात्यांच्या शिरोभागी केवळ सचिव राहिले. अंदाजपत्रक लंडनच्या मंत्र्याने ठरविले, त्याला मंजुरी लंडनच्या संसदेने दिली, आणि कोठे कात्री लावावयाची हे मात्र बेलफास्टच्या सचिवांना ठरवावे लागले. मतदारांनी निवडून न दिलेल्या, आणि ज्यांच्याकडे जाब मागता येईल अशी विधानसभाच भरत नसलेल्या अधिकाऱ्यांवर हे ओझे पडले, ही गोष्ट मला त्या सबंध काळातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. 2023 च्या मार्चमध्ये गरीब कुटुंबांतील शाळकरी मुलांच्या सुटीतील जेवणासाठी मिळणारे अनुदान बंद झाले. अशा निर्णयाचे समर्थन करावयास जबाबदार मंत्री सभागृहात उभा राहावयाचा असतो. येथे तसा कोणीच नव्हता.

ही पोकळी भरून काढण्याचे काम लंडनच्या समितीने अंशतः केले, आणि अंशतःच करणे तिला शक्य होते. तिची सनद उत्तर आयर्लंडविषयक लंडनच्या खात्याचा खर्च, कारभार आणि धोरण तपासण्याची आहे. व्यक्ती आणि दस्तऐवज मागविण्याचा तिचा अधिकार मोठा असला, तरी प्रांताच्या खात्यांनी जाब द्यावयाचा तो स्टॉरमाँटला. म्हणून या चौकशीचे बरेचसे कसब, लंडनने किती दिले आणि कोणत्या हिशेबाने दिले, हे तपासण्यातच खर्च होते. आणि हा हिशेब नीट समजून घेण्याजोगा आहे.

1978 साली, जोएल बार्नेट हे खजिन्याचे मुख्य सचिव, म्हणजे मंत्री, असताना एक सूत्र तयार झाले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये एखाद्या सेवेवरील खर्च वाढला, की त्या वाढीचा लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना द्यावयाचा, असा त्याचा गाभा. उत्तर आयर्लंडची लोकसंख्या 2021 च्या खानेसुमारीनुसार सुमारे 19 लाख, इंग्लंडच्या साडेतीन टक्क्यांहून थोडी कमी. म्हणून इंग्लंडमध्ये आरोग्यावर 100 कोटी पौंड वाढले, तर मूळ सूत्राप्रमाणे बेलफास्टच्या वाट्याला साडेतीन कोटींच्या आतली रक्कम येते. यात अन्याय कोठे आहे? माणशी वाढ तर सारखीच आहे. परंतु ज्या प्रांताचा माणशी खर्च पूर्वीपासूनच अधिक आहे, कारण तेथील गरज अधिक आहे, त्याला सारख्या रकमेची वाढ मिळाली, की टक्केवारीने त्याची वाढ कमी भरते, आणि वर्षामागून वर्ष त्याचा आधिक्याचा भाग झिजत जातो. गरज झिजत नाही, तरतूद झिजते. हे कोणाच्या द्वेषबुद्धीने होत नाही, सूत्राच्या अंकगणितानेच होते, आणि म्हणूनच ते दीर्घकाळ नजरेआड राहू शकते.

वेल्सच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर सापडले होते. जेरल्ड होल्टम यांच्या आयोगाने 2010 मध्ये वेल्सची गरज इंग्लंडच्या सुमारे 115 टक्के असल्याचा निष्कर्ष काढला होता, आणि 2016 च्या वित्तीय करारात तो आकडा धोरणात आला. उत्तर आयर्लंडसाठी असे मोजमाप 2021 साली स्थापन झालेल्या वित्तीय परिषदेने केले. रॉबर्ट चोट हे तेव्हा तिचे अध्यक्ष होते. वयोरचना, आजारपण, गरिबी, विरळ वस्ती, न्याय आणि पोलिसांचा असाधारण भार हे सारे विचारात घेऊन तिने सांगितलेला आकडा 124 होता. इंग्लंडमध्ये जी सेवा 100 पौंडांत होते, ती तितक्याच दर्जाने देण्यास तेथे 124 पौंड लागतात. समितीपुढील जबान्या पुनःपुन्हा याच आकड्याकडे वळत होत्या, आणि ते वळणे मला योग्य वाटत होते, कारण या आकड्यामुळे तक्रारीला हिशेबाचा आधार मिळाला.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. 1983 मध्ये नेमलेल्या आणि 1984 मध्ये अहवाल सादर केलेल्या वि. म. दांडेकर समितीने सिंचन, रस्ते इत्यादी बाबतींत प्रत्येक जिल्ह्याचा अनुशेष राज्याच्या सरासरीशी ताडून काढला, तेव्हा तिच्यापुढेही हीच अडचण होती: कोणाची सरासरी, कोणत्या बाबींची, आणि मोजल्यानंतर ती भरून देण्याची जबाबदारी कोणाची? विदर्भात आणि मराठवाड्यात ज्यांनी त्या वादाची झळ सोसली आहे, त्यांना बेलफास्टच्या साक्षीदाराने कागद चाळण्यात घालविलेले ते अर्धे मिनिट समजावून सांगावे लागणार नाही.

18 जानेवारी 2024 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये एक लाखाहून अधिक सार्वजनिक कर्मचारी वेतनासाठी संपावर गेले. शिक्षक, परिचारिका, बसचालक, सारेच त्यांत होते. लंडनने त्यापूर्वी 330 कोटी पौंडांचा निधी देऊ केला होता, परंतु तो मंत्रिमंडळ पुन्हा बसण्याच्या अटीवर. विधानसभा 3 फेब्रुवारी 2024 रोजी, बरोबर दोन वर्षांनी, पुन्हा भरली. मिशेल ओ'नील प्रथममंत्री झाल्या. त्या तडजोडीत 124 चा आकडाही मान्य झाला: 2024-25 पासून सूत्रातून येणाऱ्या वाढीवर चोवीस टक्के अधिक मिळतात. मागील जास्तीच्या खर्चापोटी फेडावयाचे सुमारे 56 कोटी पौंड माफ करण्याची तयारी होती, मात्र प्रांताने स्वतःहून किमान 11 कोटी 30 लाख पौंडांचे उत्पन्न उभारावे, ही अट होती. घरगुती पाणीपट्टी न आकारणाऱ्या प्रांतात हे उत्पन्न कोठून आणावयाचे, हा प्रश्न राजकीय दृष्ट्या अतिशय नाजूक आहे.

येथे माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. लंडनच्या समितीचे काम मोलाचे होते, आणि संसदीय तपासणीची शिस्त काय असते याचा तो उत्तम नमुना होता; तरीही दुरून केलेली तपासणी ही घरच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पहिल्या बाह्यरुग्ण भेटीसाठी नाव नोंदविलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक एका वर्षापेक्षा जास्त काळ थांबलेले होते, अशा प्रांतात, पैसा कमी आला म्हणून असे झाले की आलेला पैसा जुन्या रचनेत मुरला म्हणून, हे ठरविण्यास आरोग्यमंत्रीच समोर हवा. राफाएल बेंगोआ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने 2016 मध्येच रुग्णालयांच्या पुनर्रचनेची तजवीज सुचविली होती, आणि त्यानंतरच्या आठ वर्षांतील दोन प्रदीर्घ खंडांत विधानसभा बंदच होती. निधी अपुरा आहे आणि सुधारणा रखडल्या आहेत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. लंडनची समिती पहिले विधान तपासू शकते, दुसरे मात्र स्टॉरमाँटच्या आरोग्य आणि वित्त समित्यांनाच तपासावे लागेल.

पुढचा मुद्दा त्या चोवीस टक्क्यांच्या व्याप्तीचा आहे. ते सूत्रातील नव्या वाढीला लागू होतात, मूळ रकमेला नव्हे. म्हणून मागील वर्षांत झिजलेला भाग त्यांनी आपोआप भरून निघत नाही. मे 2024 मधील अंतरिम वित्तीय करारात गरजेचे मोजमाप पुन्हा तपासण्याची सोय ठेवली आहे.