फोटो नेमका कुठला? जीपीएस ट्रॅकवरून फोटोंना जागा देताना

आजचा भाग तसा तांत्रिक आहे, पण सुरुवात घरातूनच करतो. माझ्या आत्याचं सासर धार जिल्ह्यातल्या चिखल्द्याचं, नर्मदेच्या काठावर. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवराची पातळी पहिल्यांदाच १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण भरण्याच्या खुणेपर्यंत गेली आणि गाव पाण्यात गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मी इंदूरहून कॅमेरा घेऊन तिकडे गेलो होतो. सकाळी सात ते दुपारी चार काठाकाठाने हिंडलो आणि ६१२ फोटो काढले.

पुढे आतेभावाने फोटो मागितले. पाहून म्हणाला, "हे आपल्या गल्लीचं तोंड की मागच्या वाडीचं?" मला सांगता येईना. मातीची भिंत, कडुनिंब, ओटा. असे फोटो माझ्याकडे शंभर तरी होते. गाव उभं असतं तर कुणालाही विचारलं असतं.

माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. पण त्या दिवशी खिशातल्या फोनवर ट्रॅक नोंदवणारं ॲप चालू होतं. ती फाईल सापडली आणि काम सुरू झालं.

यामागची युक्ती साधी आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये काही माहिती लिहून ठेवतो. तिला एक्झिफ म्हणतात आणि तिच्यात फोटो काढल्याची वेळ असते. फोनने नोंदवलेली जीपीएक्स फाईल ही निव्वळ मजकुराची फाईल असते, साध्या नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात दर काही सेकंदांनी एक बिंदू असतो: अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. संगणकाला एवढंच करायचं असतं, की फोटोची वेळ ट्रॅकमध्ये शोधायची आणि तिथले अक्षांश-रेखांश फोटोत लिहायचे. एक्झिफटूल, डिजिकॅम यांसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर हे काम करतात. सगळा जोड वेळेचा आहे, म्हणून घोटाळाही बहुतेक वेळेचाच होतो.

माझाही झाला. पहिल्या प्रयत्नात सकाळी साडेनऊला गावाच्या तोंडाशी काढलेला फोटो नकाशावर पार दुसऱ्या टोकाला, जिथे मी दुपारी तीनला होतो तिथे जाऊन बसला. अकराच्या पुढच्या फोटोंना तर जागाच मिळाली नाही. जीपीएक्समधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत असते. आपली प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. कॅमेरा मात्र नुसतं 'साडेनऊ' लिहितो. ते साडेनऊ कुठल्या देशातले, हे लिहायची सोय एक्झिफमध्ये २०१६ पर्यंत नीट नव्हतीच, आणि जुने कॅमेरे आजही लिहीत नाहीत. मग एक्झिफटूल संगणकाचा टाइम झोन धरून चालतं. कामाच्या सोयीसाठी माझा लॅपटॉप यूटीसीवर लावलेला होता, त्यामुळे माझे साडेनऊ त्याने जागतिक साडेनऊ समजले. टाइम झोन भारताचा केला, आणि फोटो आपापल्या भागात आले.

पण नेमक्या जागी नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलं होतं देव जाणे, ते चार मिनिटांहून थोडं जास्त पुढे होतं. चार मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. चालत्या माणसाच्या चार मिनिटांत पाव किलोमीटर होतो, आणि तेवढ्या अंतरात गावात मोहल्ला बदलतो. गाडीतून फोटो काढत असाल तर चार किलोमीटरही होतील. हा फरक मला सापडला तो नशिबाने. सकाळी निघताना चहाच्या टपरीवर मी सहज फोनच्या पडद्याचा फोटो काढला होता, त्यात सेकंदांसकट वेळ दिसत होती. त्या फोटोच्या एक्झिफमधली वेळ आणि पडद्यावरची वेळ यांची वजाबाकी केली, तेवढी दुरुस्ती सॉफ्टवेअरला सांगितली, झालं. आता मी हे मुद्दाम करतो, दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी. फरक कळला तरी मधेच कॅमेऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. एकाच दिवसात दोन वेगळे फरक तयार होतात आणि मग निस्तरता निस्तरत नाहीत.

यानंतर जे झालं त्याने मी दोन दिवस गोंधळलो होतो. उपग्रहाच्या नकाशावर निम्म्याहून जास्त फोटो थेट पाण्यात दिसत होते. मला वाटलं, अजून काहीतरी चुकतंय. पुन्हा वजाबाकी केली, पुन्हा तेच. मग लक्षात आलं, नकाशा धरण भरल्यानंतरचा आहे. फोटो बरोबर होते, खालची जमीन गेली होती. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात. फेब्रुवारी २०१९ च्या आधीचं चित्र काढलं, आणि एकेक फोटो गल्लीत, अंगणात, वाटेवर जाऊन बसला.

चौदा सोडून. ते जुन्या चित्रातही नदीतच होते, एका सरळ रेषेत. फोनच्या बॅटरी वाचवणाऱ्या सोयीने ॲप मधेच वीस मिनिटं झोपवलं होतं. असा खंड पडला की सॉफ्टवेअर दोन टोकं सरळ रेषेने जोडतं आणि मधले फोटो तिच्यावर ओवतं. मी काठाच्या वळणाने चाललो होतो, रेषा पाण्यातून गेली. ते चौदा मी झाडं आणि वाट ओळखून हाताने नकाशावर ठेवले, आणि प्रत्येकाच्या वर्णनात 'जागा अंदाजाने' असं लिहिलं. ते लिहायलाच हवं. नाहीतर पुढे कुणी तो आकडा उपग्रहाने दिलेला आहे असं समजून चालेल. तुम्ही मात्र बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला आधीच मोकळीक देऊन ठेवा.

उंचीबद्दल मला वारंवार विचारतात, विशेषतः बुडित क्षेत्रातली मंडळी: "आमचं घर १३८ च्या वर होतं, हे यातून दाखवता येईल का?" नाही. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, आणि काही उपकरणं ती समुद्रसपाटीपासून मोजतही नाहीत. त्या आकड्यावर वाद घालायला जाऊ नका, त्यासाठी सर्वेक्षणच लागतं.

दोन गोष्टी भरभर सांगतो. काम नेहमी फोटोंच्या प्रतीवर करा आणि जीपीएक्स फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. शिवाय, घरातल्या लहान मुलांचे फोटो पाठवताना त्यात घराचा पत्ताच लिहिलेला आहे, हे विसरू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते.

गेल्या वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं होतं. आत्या आता पुनर्वसन वसाहतीत राहते. ती म्हणाली, चल. वसाहतीपासून गाडीने आणि पुढे भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही तिघं गेलो. आतेभावाने फोनवर फोटोतल्या ओट्याचे अक्षांश-रेखांश लावले होते. बाण दाखवेल तसं चालत राहिलो. आसपास ओळखीचं काहीच नव्हतं, नुसते विटांचे ढिगारे. फोन म्हणाला, पोचलात. मी आत्याला म्हटलं, "हा बघ, तुमचा ओटा इथे."

उघड्यावर फोनचं जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होतं, हे मी तुम्हाला एरवी आकृती काढून सांगितलं असतं. आत्या थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचून सात-आठ पावलं नदीच्या बाजूला गेली, पायाने गाळ बाजूला सारला. खाली शहाबादी फरशीचा कोपरा होता.

"इथे," ती म्हणाली. "तिथे तर गोठा होता रे."

आतेभावाने तिथे उभं राहून नवा बिंदू नोंदवला. घरी आल्यावर मी त्या फोटोची जागा बदलली आणि वर्णनात लिहिलं, 'जागा आईने दाखवली'. 'आत्याने' असं लिहायचं होतं, पण फोटो आतेभावाच्या संग्रहात जाणार होता.