गोठ्यातली पद्मिनी रस्त्यावर आणताना

कडब्याच्या पेंढ्यांआड वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी ओढून अंगणात आणली, की घरात पहिली चर्चा होते ती रंगाची. पूर्वीचाच पांढरा ठेवायचा की यंदा मरून द्यायचा? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. जुन्या गाडीत पैसा बुडतो तो बहुतेक वेळा काम उलट्या क्रमानं केल्यामुळे. आधी रंग होतो, मग इंजिन खोललं जातं, मग कळतं की खालचा पत्राच सडलाय. आता वेल्डिंग करायचं, म्हणजे नुकताच दिलेला रंग जाळायचा. कागद, पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग आणि मग रंग, हा क्रम पाळला तर बेताच्या पैशातही गाडी उभी राहते.

केळझर सिद्धिविनायकासाठी सगळ्या विदर्भाला माहीत आहे. पण वर्धा-नागपूर रस्त्यावरचं हे गाव अशा कामालाही सोयीचं आहे. सेलू तालुक्यातल्या अशा शेतीच्या गावांत ट्रॅक्टरचा मिस्त्री जवळपास सापडतो आणि ब्रेक, क्लच, रेडिएटर त्याच्या रोजच्या हातचे असतात. विहिरीवरच्या मोटरी बांधणारा वाइंडिंगवाला सेल आणि डायनॅमोचं आर्मेचर स्वतः बांधून देतो, नाहीतर कोण देतं ते सांगतो. लेथचं बारीक काम बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे किंवा वर्ध्याला होतं. नागपूर 50 किलोमीटरवर आहे. शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजात गाडी वर्षभर ठेवण्यापेक्षा ती घरी ठेवून एकेक भाग योग्य माणसाकडे नेणं स्वस्त पडतं. फक्त कोणता भाग आधी न्यायचा, हे मालकाला कळलं पाहिजे.

गाडी ओळखून घ्या

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यानं गाड्या बनू लागल्या. आधी आली ती 'डुक्कर फियाट', पुढे 1100 डिलाइट, आणि 1970 च्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. चार सिलिंडरचं 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग बाक, मागे पाटे आणि ओढ मागच्या चाकांना. इंजिन इतकं सरळ की बोनट उघडल्यावर प्रत्येक भाग दिसतो आणि पान्याला जागा मिळते. कमी पैशात काम करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

आधी कागद

एकही नट सैल करण्याआधी आरसी बुक काढा आणि त्यावरचा चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना 31 भरावा लागतो. विकत घेतलेल्या गाडीला नमुना 29 आणि 30 लागतात. नोंदणी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसीही लागते. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते. त्यानंतर नमुना 25 भरून, गाडी तपासून घेऊन दर 5 वर्षांनी ती वाढवायची. कारचं हे नूतनीकरण शुल्क 2022 पासून 5,000 रुपये झालं आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000 रुपये. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट हे खर्च वेगळे.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली असतील तर आणखी एक वाट आहे. केंद्रानं 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. 1970 च्या दशकातल्या पद्मिनी आता एकेक करून या वयाला पोचत आहेत. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आठवड्याच्या बाजाराला गाडी न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

कागद जुळत नसतील तर इथेच थांबा. कागद नसलेली गाडी कितीही नटवली तरी अंगणातच राहते.

मग पत्रा

जीपला खाली वेगळी चासी असते, तशी पद्मिनीला नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालची सिल, पायाखालचा फ्लोअर आणि मागचे पाटे जिथे बसतात ती जागा सडली, तर ते दुखणं थेट हाडाचं असतं. काळ्या मातीवर उभ्या राहिलेल्या गाडीला पावसाळाभर खालून ओल लागते. वरचा रंग शाबूत आणि खालचा पत्रा पोखरलेला, असं हमखास दिसतं.

तपासायची रीत सोपी आहे. गाडीतल्या चटया आणि त्यांच्याखालचा जुना नमदा काढून टाका. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीनं सिल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. जिथे आवाज बदलेल तिथे टोक दाबून पाहा. टोक आत गेलं, तर भोक जिथे दिसतं त्याच्या चारही बाजूंनी आणखी पत्रा गेलेला आहे असं धरा. मग दाराच्या मधोमध सिलच्या बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून बंद करा. एरवी नीट लागणारं दार आता अडकत असेल तर गाडी मधून वाकते आहे, म्हणजे सिल कामातून गेल्या. अशी गाडी विकत घेणार असाल तर दुसरी पाहा. घरचीच असेल तर बजेटचा मोठा वाटा पत्र्यासाठी राखून ठेवा.

सडलेला भाग चकचकीत धातू दिसेपर्यंत कापायचा आणि तिथे 18 ते 20 गेजच्या सीआर पत्र्याचा पॅच बसवायचा. गावातलं साधं आर्क वेल्डिंग दाराच्या जाळीला ठीक. इतका पातळ पत्रा त्यानं जळतो, त्यामुळे सीओटू वेल्डिंगवालाच गाठा. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे अँगल टाकून घ्या, नाहीतर चौकट हलते आणि दारं पुन्हा बसत नाहीत. पेट्रोलची टाकी आधी उतरवून गाडीपासून दूर ठेवा. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. पत्र्यावर पत्रा चिकटवून वरून लांबी थापणारा डेंटर स्वस्त वाटतो, पण आतला गंज पुढच्या दोन पावसाळ्यांत वर येतो.

इंजिनाआधी ब्रेक

इंजिन सुरू करण्याची घाई सगळ्यांनाच असते. पण चालू होणारी आणि न थांबणारी गाडी बंद गाडीपेक्षा वाईट. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्या ओलीनं व्हील सिलिंडर आतून गंजतात. पेडल कडक लागलं तरी भरवसा ठेवू नका. चारही ड्रम उघडा, सिलिंडर खोला. आत बोट फिरवून पाहा. गुळगुळीत लागलं तर नुसती रबराची किट बदलून भागतं, खड्डे लागले तर सिलिंडरच बदला. मास्टर सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेले पाइप एकदमच नवे टाका. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना एकच सर्किट असतं. एका ठिकाणी गळती लागली की सगळे ब्रेक एकदम जातात. इथे काटकसर नको.

इंजिन: उघडण्याआधी विचारा

बंद इंजिनाला लगेच सेल मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल यांचं मिश्रण ओता आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवून पाहा. थोडं फिरलं, अडलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे, असं करत सुटू द्या. जोर केला तर गंजलेली रिंग तुटते आणि बोअरला ओरखडा पडतो. जुनं ऑइल काढून नवं भरल्यावर आणि पूर्ण फेरा मोकळा झाल्यावरच बॅटरी जोडा.

यानंतर कॉम्प्रेशन तपासा. मिस्त्रीकडे त्याचं मीटर असतं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, साधारण दहा टक्क्यांच्या आत, तर इंजिन खोलायची गरज नाही. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं. रिंगा आणि बोअरसाठी अख्खं इंजिन काढावं लागतं आणि खर्च कितीतरी वाढतो. कोणता खर्च करायचा हे त्या चमचाभर ऑइलनं कळतं.

हेड उतरवलंच तर व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. शिसं घातलेलं पेट्रोल देशात 2000 मध्ये बंद झालं. जुन्या हेडच्या मऊ सीटांना त्या शिशाचाच आधार होता.

कार्बोरेटर घरीही साफ होतो. वरचं झाकण काढा, पितळी फ्लोट कानाजवळ नेऊन हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर फ्लोटला भोक आहे. जेटमध्ये तार घालू नका. तारेनं भोक मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा पुरेशी असते.

विदर्भाचं ऊन आणि आजचं पेट्रोल

या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलात इथेनॉल नव्हतं. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात ते 20 टक्के असतं. इथेनॉल जुनं रबर खातं, ओल ओढतं आणि टाकीतला गंज सोडवून थेट जेटपर्यंत नेतं. म्हणून टाकी आतून धुऊन घ्या, पंपाचं डायफ्राम आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे टाका आणि टाकीनंतर फिल्टर लावा. मिश्रण पातळ होऊन गाडी झटके देत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा बसवतात. टाकी भरून ठेवू नका, लागेल तेवढंच पेट्रोल घाला.

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपातच वाफ धरते आणि गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवत. ते आजही चालतं, पण कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर नेणं. रेडिएटर उतरवून, टाक्या उकलून आतून सळईनं साफ करून घ्या. त्यात बोअरवेलचं पाणी घालू नका. त्यातले क्षार पाण्याच्या वाटा बुजवतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

वायरिंग आणि सुटे भाग

गोठ्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतातच. तुकडे जोडत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस नवा टाका. पद्मिनीची वायरिंग इतकी थोडी आहे की चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ती नव्यानं बांधून देतो. बॉडीला जिथे जिथे अर्थ जोडलेली आहे तिथला रंग आणि गंज घासून काढा. मंद हेडलाइट आणि सुस्त सेलचं कारण पुष्कळदा इतकंच असतं.

सुट्या भागांची खरेदी लांबवू नका. पद्मिनीचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. 20 वर्षांची मर्यादा संपल्यानं 30 ऑक्टोबर 2023 पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. रोजचं गिऱ्हाईक गेलं, तसे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांतले साठे हळूहळू आटणार. क्लच प्लेट, ब्रेकच्या किट, पुढच्या सस्पेन्शनचे बुश, पाण्याचा पंप, गॅस्केट संच हे एकदमच घेऊन ठेवा. जुना भाग बरोबर न्या. फोनवर सांगून मागवलेला बुश नेमका दुसऱ्या मॉडेलचा निघतो. काच, बंपर, चिन्हं यांसाठी भंगारात निघालेली दुसरी पद्मिनी मिळाली तर उत्तम.

रंग आणि पहिली फेरी

आता रंगाचा प्रश्न घ्या. बजेट संपत आलं असेल तर नुसतं बफिंग करून, गंजलेल्या जागी प्रायमर मारून गाडी वापरायला लागा. ती चालते आहे, पासिंग झालं आहे, रंग पुढच्या वर्षी देता येईल. सीटचं काम जीप आणि ट्रॅक्टरच्या गाद्या शिवणारा कारागीर करतो. त्याला जुनं कव्हर न फाडता द्या, मापासाठी तेच उपयोगी पडतं.

पहिली फेरी गावातच घ्या, दुसरी सेलूपर्यंत, तिसरी वर्ध्यापर्यंत. प्रत्येक फेरीनंतर चारही चाकांचे ड्रम हाताला किती गरम लागतात ते पाहा. एकच ड्रम फार तापला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा, म्हणजे ऑइल कुठून गळतं ते सकाळी दिसेल. इंजिन खोललं असेल तर 500 किलोमीटरनंतर ऑइल बदला. समृद्धी महामार्गाचा मोह टाळा. तिथल्या वेगासाठी ना हे ब्रेक आहेत ना हे टायर.

इथून पुढचा खर्च कमी ठेवण्याचा एकच मार्ग आहे. गाडी दर आठवड्याला बाहेर काढा, इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवा. सील ओली राहतात, ब्रेक मोकळे राहतात, बॅटरी भरते, उंदीर घर करत नाहीत. पद्मिनीला गोठ्यात उभं राहून जेवढा खर्च आला, तेवढा ती चालत राहिली असती तर आलाच नसता.