धुरीच्या भट्टीला वीज जोडताना

आमच्या गटाने बांगड्याला धुरी देण्यासाठी लाकडी पेलेटवर चालणारी विजेची भट्टी घेतली. खोकं उघडलं, पाय बसवले, घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढला आणि अंगणात सुरू केली. झाकण उचलताना एका वहिनींच्या हाताला झिणझिण्या आल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर भागलं. बघितलं तर बोर्डाच्या पिनेचा तिसरा, जाडा पाय गायब! भिंतीवरच्या बोर्डात बसेना म्हणून कुणीतरी मोडून टाकलेला.

आधी ही भट्टी चालते कशी ते सांगते. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या. त्या बाजूच्या पेटीत भरायच्या. पेटीखाली मोटारीवर एक लांब स्क्रू फिरतो आणि कांड्या थोड्या थोड्या मधल्या वाटीत ढकलतो. तिथे एक सळई विजेने तापून त्या पेटवते, पंखा वारा देतो. म्हणजे जाळ लाकडाचा, वीज फक्त मदतीला.

जोडणी करताना सगळे स्क्रू आधी हलके लावा, भट्टी सपाट उभी राहिली की मग आवळा. आतला तेलाचा पत्रा बादलीच्या बाजूला उतरता हवा. बांगड्याचं तेल साचून राहिलं तर तेच पेट घेतं. पहिल्या दिवशी मासा न ठेवता अर्धा-पाऊण तास रिकामी तापवा, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जाईल.

आता विजेचं. पेटवताना पहिली काही मिनिटं साधारण ३०० वॅट लागतात, नंतर बल्बाएवढीच वीज. म्हणून वाटतं, यात कसली भीती? पण शॉकचा आणि बिलाचा संबंध नाही. भट्टी लोखंडाची, आपले हात मिठाच्या पाण्याने ओले, खाली ओली जमीन. आतली एक वायर सोलली गेली की २३० व्होल्ट थेट झाकणावर. आणि घरातला एमसीबी आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका. तो वायर जळू नये म्हणून असतो, सहा-दहा अँपिअरच्या पुढे पडतो. माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पुरते.

म्हणून तीन पायांची पिन, तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे तिन्ही हवं. आरसीसीबी गेलेली आणि परत आलेली वीज सारखी मोजतो. थोडी जरी दुसरीकडे वळली तरी क्षणात बंद करतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. आम्ही महिन्याच्या बचतीच्या बैठकीत आधी ते दाबतो, मग हजेरी. बटणाने अर्थिंग मात्र कळत नाही, ते वायरमनकडून मोजूनच घ्या. एक्स्टेंशन लागलंच तर जाड, तीन तारांचं घ्या आणि जोड जमिनीवर पडू देऊ नका.

कुणाच्या लेकीने अमेरिकेहून भट्टी पाठवली असेल तर मागची पाटी वाचा. तिकडची वीज १२० व्होल्टची. आपल्याकडे सरळ लावली तर जळेल.

बंद करताना पिन उपटू नका. बंदचं बटण दाबलं की वाटीतलं जळून संपेपर्यंत पंखा फिरत राहतो. तो मध्येच थांबला तर विस्तव स्क्रूतून पेटीकडे सरकू शकतो. आपल्याकडे लाईट जातेच. गेली की भिंतीवरचा स्विच बंद करा, पेटीचं झाकण लावलेलं ठेवा. लाईट आल्यावर लगेच सुरू करायची नाही. भट्टी पूर्ण गार होऊ द्या, पिन काढा, वाटीत साचलेल्या कांड्या आणि राख काढा, मगच पेटवा. नाहीतर साचलेलं सगळं एकदम भडकतं.

भट्टी उघड्यावरच ठेवा, पडवीत किंवा स्वयंपाकघरात नको. तिच्या धुरात जीव घेणारा वायू असतो, त्याला वास नसतो. बॉयलरसाठी मिळणाऱ्या स्वस्त कांड्याही घेऊ नका, त्यांत रंगवलेल्या लाकडाचा भुसा असू शकतो. खाण्याच्या धुरीसाठीच्या घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवेत त्या फुगतात आणि स्क्रू अडकतो. तो सोडवायला हात घालण्याआधी पिन काढलेली असू द्या.