भीती एका गोळीची, बदनामी दुसरीची

डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली की घरात कुणीतरी म्हणतंच, "एकदा सुरू झाल्या की या गोळ्या सुटत नाहीत." बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याने कुणाच्या तरी उशाशी वर्षानुवर्षं ती पाकिटं पाहिलेली असतात. प्रश्न एवढाच, की त्या पाकिटावर नाव कोणतं होतं?

"झोपेच्या गोळ्याच त्या, सवय लागते"

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या थोड्याच वेळात जिवाची तगमग शांत करतात आणि झोप आणतात. सलग काही आठवडे घेतल्या की शरीर त्यांना सरावतं. आधीचा डोस पुरेनासा होतो आणि एकदम थांबवल्या तर हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. सवय लागते ती या गोळ्यांची. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या गटातल्या. त्या घेतल्यावर लगेच काही छान वाटत नाही, तलफ येत नाही, दोनाच्या चार घ्याव्याशाही वाटत नाहीत.

मग हा गोंधळ होतो कुठून? आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात आणि सर्रास लिहूनही दिल्या जातात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरती दिलेली ही जोडगोळी जुनीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षभर आणली जाते. पुढे ती सुटत नाही आणि नाव मात्र डिप्रेशनच्या औषधाचं खराब होतं. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. दोन नावं दिसली तर दुसरं औषध किती दिवसांसाठी आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सवय लागत नाही, म्हणजे मनाला येईल तेव्हा सोडावी असंही नाही. अचानक थांबवल्यावर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. 2024 साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात गोळी थांबवणाऱ्या साधारण तीनातल्या एकाला असा काहीतरी त्रास झाल्याचं दिसलं. गंमत म्हणजे नुसती औषधविरहित गोळी थांबवणाऱ्यांपैकीही 17 टक्क्यांनी तीच तक्रार केली. हे 17 टक्के वजा केले तर खुद्द औषधामुळे त्रास होणारे सहा-सातांत एक उरतात. तीव्र त्रास बराच कमी जणांना होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना जास्त जड जातं. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणून ते सोडणं त्या मानाने सोपं. डोस हळूहळू उतरवत न्यायचा. त्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिने.

"मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय, ते भरून काढायचं"

हा गैरसमज मात्र दवाखान्यांतूनच पसरला. रुग्णाला चटकन पटतं, म्हणून सांगितलं जाणारं हे सोयीचं स्पष्टीकरण. 2022 साली आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य सेरोटोनिन घटल्यामुळे येतं याला ठोस पुरावा सापडला नाही. त्यावरून 'गोळ्यांचा उपयोग शून्य' असे मथळे झळकले. तेही चूकच. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांचा शोध कोणत्याही सिद्धांतातून लागलेला नाही. 1950च्या दशकात क्षयरोगावर इप्रोनियाझिड देऊन पाहताना रुग्णांची मनःस्थिती सुधारलेली दिसली आणि तिथून वाट सापडली. गुण आधी दिसला, कारण शोधणं अजून चालू आहे.

गुण किती येतो? 2018 साली 'द लॅन्सेट'मध्ये 522 चाचण्यांचा आणि एक लाख 16 हजारांहून अधिक रुग्णांचा लेखाजोखा आला. त्यातली सर्व 21 औषधं औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता आणि बहुतेक चाचण्या दोनेक महिन्यांच्याच होत्या. माझ्या मते, चमत्काराची अपेक्षा ठेवणारा आणि थोतांड म्हणणारा, दोघांनीही हा लेखाजोखा नीट वाचलेला नाही.

"समुपदेशन चांगलं, गोळी वाईट"

याचं उत्तर शोधायला परदेशात जायला नको, गोव्यात दोन उत्तम चाचण्या झाल्या आहेत. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची पहिली चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. साध्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या 450 जणांपैकी काहींना फ्लुओक्सेटिन, काहींना औषधविरहित गोळी, काहींना समुपदेशन मिळालं. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन सरस ठरलं आणि समुपदेशनाचा वेगळा फायदा दिसला नाही. दुसरी चाचणी 2017 सालची, 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतली. यात डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण घेतलेली गावातलीच साधी माणसं रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटली. दिवसभरात काय करायचं ते आखून देत त्यांनी रुग्णांना एकेका कामात पुन्हा गुंतवलं. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण 39 टक्के होतं. आणि या रुग्णांचं नैराश्य सौम्य नव्हतं, बऱ्यापैकी तीव्र होतं.

म्हणजे नुसतं 'समुपदेशन' म्हणून भागत नाही. कोणतं, कसं आणि किती नियमित, त्यावर सगळं अवलंबून. ब्रिटनची 2022 सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सौम्य नैराश्यात गोळीने सुरुवात करू नये, रुग्णाला स्वतःलाच ती हवी असेल तर गोष्ट वेगळी. तीव्र नैराश्यात गोळी आणि मानसोपचार दोन्ही एकत्र.

"घेऊन पाहिली, त्रासच झाला"

मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे त्रास पहिल्या आठवड्यातच येतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे कित्येक जण नेमक्या चुकीच्या वेळी औषध सोडतात. लैंगिक इच्छा मंदावणं हा सर्रास दिसणारा दुष्परिणाम. पण त्याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण संकोचाने बोलत नाही, गोळी मात्र गुपचूप बंद होते. डोस किंवा औषध बदलून यावर मार्ग काढता येतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेत या औषधांवर छापावा लागतो. अशा वेळी घरच्यांनी पहिले काही आठवडे लक्ष ठेवावं. पूर्वी कधी झोपेविना अफाट उत्साहाचे, बेफाम खर्चाचे दिवस येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण बायपोलर आजारात ही गोळी एकटी दिली तर उलटू शकते. ट्रामाडॉल किंवा इतर वेदनाशामकं चालू असतील तर तेही सांगा.

"आयुष्यभर घ्यावी लागते"

पहिल्याच वेळचं नैराश्य असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने तरी. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जास्त काळ. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरे झालेल्यांवर एक चाचणी झाली. गोळी थांबवणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांना वर्षभरात आजार परतला, चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना. थांबवण्यात धोका आहे, पण कित्येकांचं थांबवूनही नीट चालतं.

हा सगळा हिशेब मांडायला सवड असते तोवर मांडावा. जीव नकोसा झाला असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर हिशेब बाजूला ठेवून आजच डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस'ला 14416 वर फोन करा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येतं.