मंद्र स्वराचे ध्वनिमुद्रण

लहान सभागृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असता एक गोष्ट प्रत्ययास येते. भिंतीलगतच्या श्रोत्याला बेस गिटारचा एखादा स्वर घुमत असल्यासारखा वाटतो. तोच स्वर मध्यभागी बसलेल्याला क्षीण ऐकू येतो. वाद्य एक, वादकही एक. मग हा फरक का पडावा?

या वाद्याच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे या स्वराच्या लहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर याच्या निम्मे असल्यास परावर्तित लहरी मूळ लहरींत मिसळून स्थिर तरंग उत्पन्न होतो. हवेच्या दाबातील चढउतार तेव्हा भिंतींजवळ सर्वाधिक, तर मध्यभागी अत्यल्प असतो. अशा ठिकाणी दूर ठेवलेला मायक्रोफोन वाद्याइतकेच खोलीचेही ध्वनिमुद्रण करतो.

यास्तव स्वर हवेत उतरण्यापूर्वीच टिपणे श्रेयस्कर होय. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ साली अमेरिकेत 'प्रिसिजन बेस' हे वाद्य विक्रीस आणले. त्यात पोलादी तारांखाली चुंबक व त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात विद्युत्-दाब निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच. हा क्षीण संकेत लांब तारेतून नेताना त्यात बाहेरची घरघर शिरते. म्हणून मध्ये 'डायरेक्ट बॉक्स' नावाची पेटी जोडतात. ती संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपात पाठवते. घरघर मात्र दोन्हींत सारखीच शिरते. दुसऱ्या टोकास दोहोंची वजाबाकी होताच ती नाहीशी होते व संकेत उरतो.

तथापि असा स्वर काहीसा कोरडा वाटतो. वादकाच्या लाउडस्पीकरचा भरदारपणा हवा असेल, तर त्याच्यासमोर वीतभर अंतरावर मायक्रोफोन ठेवतात. येथे थेट ध्वनी परावर्तित ध्वनीहून पुष्कळ प्रबळ असतो. हाच मायक्रोफोन मीटरभर दूर नेल्यास ध्वनी सुमारे तीन सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. मग दोन्ही संकेत एकत्र करताच सेकंदाला १७० कंपनांच्या आसपासचे स्वरांश एकमेकांस मारक ठरतात, आणि दोन मार्गांनी आणलेला स्वर एकाहूनही दुबळा ऐकू येतो.

म्हणून दोन्ही संकेत स्वतंत्रपणे मुद्रित करावेत. काळातील अंतर मागाहून जुळविता येते. खोलीने गिळलेला स्वर मात्र परत मिळत नाही.