बाजारात न विकला जाणारा घोडा

मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी दोन जत्रा एकदमच भरतात. एक एकमुखी दत्ताची, दुसरी घोड्यांची. गाव आज नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात येतं. १ जुलै १९९८ला जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळ्यात होतं. राजस्थान, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेशातून व्यापारी जनावरं घेऊन उतरतात. कानांची टोकं एकमेकांकडे वळलेले मारवाडी आणि काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, अबलख, कुमैत अशी दावणच्या दावण लागते.

पारखी गिऱ्हाईक आधी घोड्याचं तोंड उघडतं. साधारण पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात जाऊन कायमचे आलेले असतात आणि पुढे त्यांच्या झिजेवरून वयाचा अंदाज बांधता येतो. मग अंगावरचे भोवरे. गळ्यावर देवमण असेल तर शुभ. खोडीचा भोवरा निघाला तर देखणं जनावरही दावणीलाच राहतं. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणाचा मान वेगळाच. भाव चढतो तो मात्र उंची, रुबाब आणि नाच यांवर. अलीकडे ‘चेतक फेस्टिव्हल’ म्हणून गाजणाऱ्या या जत्रेत शर्यती आणि नाचाच्या स्पर्धा होतात. लग्नसराईत वरातीपुढे थिरकणाऱ्या घोड्याला मागणी असते. थोडक्यात, बाजार तेजाला पैसे मोजतो.

घोड्याचा आणखी एक उपयोग आहे, उपचाराचा; तिथे हा हिशेब उलटा होतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय निकामी झाले. खोगिरावर चढायलाही त्यांना मदत लागे. तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात अपंगांसाठीच्या घोडेस्वारीने मूळ धरलं.

यामागचं गणित साधं आहे. घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे एकदम हलते. माणूस चालतो तेव्हा त्याची कंबर जवळपास अशीच हलते. ज्या मुलाचे पाय कधी नीट चाललेच नाहीत, त्याच्या कमरेला आणि पाठीला चालण्याची ही लय घोड्याच्या पाठीवर बसून मिळते. तोल सावरता सावरता स्नायू कामाला लागतात. म्हणून मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी फिजिओथेरपिस्ट हा उपाय वापरतात. एक जण लगाम धरतो आणि मुलाच्या दोन्ही बाजूंनी आधाराला माणसं चालतात. मनाच्या दुखण्यांवरही घोड्यांच्या सहवासाचा प्रयोग होतो; तिथले पुरावे अजून तोकडे आहेत, तेव्हा औषधोपचार सोडून घोड्यामागे लागू नये.

मात्र या कामाला नाचरा घोडा चालत नाही. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कान सतत फिरते, अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरते. अशा जनावराच्या पाठीवर अचानक किंचाळणारं, हातपाय झाडणारं मूल बसवायचं, तर घोडा फटाक्यालाही न बिचकणारा हवा. बहुतेकदा तो वयाने पोक्त असतो आणि दिसायला सामान्य. सारंगखेड्यात त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही.

त्याला ओळखणारी माणसं मात्र तिथेच दावणीला बसलेली असतात. खरारा करताना घोडा कुठे अंग आखडतो, कान मागे टाकले की किती अंतर राखायचं, तोबरा चढवताना हात कुठे ठेवायचा, हे घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाला ठाऊक असतं. घाईने, चिडून घोड्याजवळ गेलं की तो बिथरतो. त्यामुळे माणसाला आधी स्वतःचा सूर खाली आणावा लागतो. घोड्यांच्या मदतीने वर्तन सुधारण्याचे जे कार्यक्रम जगभर चालतात, त्यांतला पहिला धडाही हाच.

घोड्याची निगा राखणं हेही एक काम आहे, आणि कामातून माणूस उभा राहतो, हे महाराष्ट्राला नवीन नाही. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना दयेऐवजी शेतीचं काम दिलं. दाणावैरण, पाणी, शेण काढणं, खरारा या रोजच्या कामांतही तीच ताकद आहे, कारण जनावर भुकेलं असताना त्याच्या धन्याला काम उद्यावर ढकलता येत नाही.

खानदेशात घोडे आहेत, सईस आहेत, धुळे-जळगावात दवाखाने आहेत. फिजिओथेरपिस्ट आणि सईस यांची गाठ घालायला सारंगखेड्यासारखी जागा नाही. सुरुवात जत्रेतूनच व्हावी: शर्यत आणि नाच यांच्या जोडीला, सगळ्यात शांत घोड्यालाही एक बक्षीस ठेवावं. बाजार ज्याला बक्षीस देतो, तेच पुढच्या वर्षी दावणीला आणतो.